व्हिप न काढण्याचा अधिकार

प्रति,
मा. मुख्य प्रतोद, सर्व पक्ष,
महाराष्ट्र विधानसभा, विधान भवन, मुंबई

विषय : पक्षादेश (व्हिप) कशासाठी काढावा आणि कशासाठी काढू नये, याबाबत

सन्माननीय प्रतोद महोदय,

मुख्यमंत्र्यांना आणि पक्षाध्यक्षांना खुली पत्रे लिहिणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. प्रतोदांना मात्र कोणी लिहीत नाही. मतदाराला आपल्या आमदाराचे नाव ठाऊक असते, दोन-चार मंत्र्यांची नावे तोंडावर असतात. पण आपल्या आमदाराने सभागृहात कुठल्या बाजूने हात वर करायचा हे ज्या कागदावर ठरते, त्या कागदाखाली सही कोणाची असते, याची त्याला दादही नसते. २०२२ च्या जुलैत थोडे दिवस तुमचे पद घरोघरी पोचले होते. शिवसेनेचे खरे प्रतोद सुनील प्रभू की भरत गोगावले, यावर चहाच्या टपऱ्यांवर वाद झडत होते. पुढे ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तारखांवर तारखा पडल्या आणि लोक आपापल्या कामाला लागले. मला तो विषय पुन्हा काढायचा आहे. कोण खरे आणि कोण खोटे हे उगाळण्यासाठी नव्हे. त्या कागदात काय लिहावे आणि तो कधी लिहूच नये, हे बोलण्यासाठी.

राजकीय पक्ष तत्त्वापेक्षा पक्षनिष्ठेला वर ठेवतात का, असे आज कोणालाही विचारा. उत्तराऐवजी हसू मिळते. ‘कसली निष्ठा आणि कसले तत्त्व! सगळे एकाच माळेचे मणी.’ हे हसू पुढाऱ्यांना फार सोयीचे आहे. सगळेच सारखे म्हटले की कोणाकडेच बोट दाखवता येत नाही. मला दिसते ते जरा निराळे आहे. आपल्या पक्षांनी निष्ठा आणि तत्त्व या दोघांच्या जागा बदलून टाकल्या आहेत. ज्या शब्दावर मते मागितली त्या शब्दाशी निष्ठा हवी होती, तिथे सवलत आहे. आणि एखाद्या विधेयकातले कलम न्याय्य आहे की नाही हे आमदाराने स्वतःच्या डोक्याने तपासायला हवे होते, तिथे सक्ती आहे. ही अदलाबदल ज्या टेबलावर होते, ते टेबल तुमचे आहे.

आधीच सांगतो, पक्षनिष्ठेला मी शिवी मानत नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षाच्या चिन्हावर अकरा वेळा निवडून आले. पक्ष ओसरत गेला, सत्तेची वाट बहुतेक काळ बंदच राहिली, तरी त्यांनी खांद्यावरचा झेंडा बदलला नाही. त्यांची निष्ठा पक्षाशी होती, कारण पक्षाच्या कार्यक्रमाशी होती. दुष्काळी तालुक्याचे पाणी आणि शेतकऱ्याचा भाव हे विषय त्यांनी सोडले नाहीत, म्हणून पक्षही सोडला नाही. अशा माणसाच्या बाबतीत निष्ठा आणि तत्त्व यांत निवड करण्याची वेळ येत नाही; दोन्ही एकाच रस्त्याने चालतात. आजही प्रत्येक पक्षात सतरंज्या उचलणारे कार्यकर्ते आहेत. उमेदवारी आयात माणसाला गेल्यावरही ते प्रचाराला बाहेर पडतात. त्यांची चेष्टा करण्याचा मला काही अधिकार नाही.

अवघड वेळ येते ती हे दोन रस्ते फुटतात तेव्हा. महाराष्ट्राने तशी वेळ एकदा फार जवळून पाहिली आहे. १९५५ च्या अखेरीस फलटणला यशवंतराव चव्हाणांनी जाहीर केले की, संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करायची झाली तर आपण नेहरूंच्या बाजूला उभे राहू. दुसरीकडे १९५६ च्या जुलैत केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी मुंबई केंद्रशासित करण्याच्या निर्णयावरून राजीनामा दिला. तो निर्णय ज्या पद्धतीने घेतला गेला तिच्यावर आणि मुंबईतल्या गोळीबाराची चौकशी नाकारण्यावर त्यांनी लोकसभेत उघड टीका केली. मराठी माणसाने देशमुखांना डोक्यावर घेतले आणि चव्हाणांना शिव्या घातल्या. १९५७ च्या निवडणुकीत चव्हाण कराडमधून जेमतेम निवडून आले.

पण इतिहास इतक्यावर थांबला नाही. पक्षात राहून, दिल्लीची मर्जी राखून, द्विभाषिक राज्य चालवता चालवता चव्हाणांनी श्रेष्ठींचे मन वळवण्यात आपला वाटा उचलला आणि १ मे १९६० ला राज्याचा मंगल कलश त्यांच्याच हातून आला. संयुक्त महाराष्ट्र समितीने रस्त्यावर जे रक्त सांडले त्याशिवाय तो आला नसता हेही तितकेच खरे. मग चूक कोण, चव्हाण की देशमुख? मला दोघेही चूक वाटत नाहीत. चव्हाण आपली बाजू उघड सांगून निवडणुकीला सामोरे गेले आणि लोकांचा राग अंगावर घेतला. देशमुखांनी मंत्रिपद सोडले. दोघांनीही आपल्या निवडीची किंमत स्वतः मोजली. निष्ठा असो की तत्त्व, खरे-खोटे ओळखायला मला तरी हीच एक कसोटी सापडते : माणसाने त्यासाठी काय गमावले?

ही कसोटी पुढे चव्हाणांच्याच हातात आकड्यांनिशी आली, हा योग विलक्षण आहे. १९६७ च्या निवडणुकीनंतर उत्तरेत पक्षांतराची लाट उसळली. हरियाणाचे गयालाल पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलून अजरामर झाले. लोकसभेच्या ठरावानंतर गृहमंत्री चव्हाणांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जयप्रकाश नारायण आणि हृदयनाथ कुंझरू यांच्यासारखी माणसे तिच्यात होती. १९६९ च्या सुरुवातीला अहवाल आला. मार्च १९६७ ते फेब्रुवारी १९६८ या एका वर्षात ४३८ पक्षांतरे झाली होती. विविध राज्यांतल्या २१० पक्षांतरित आमदारांपैकी ११६ जण, त्यांनीच उभ्या केलेल्या सरकारांत मंत्री झाले होते. म्हणजे अर्ध्याहून अधिक जणांच्या सदसद्विवेकाला लाल दिवा मिळाला. प्रामाणिक मतभेदाने पक्ष सोडणारा आणि खुर्चीसाठी सोडणारा यांना कायद्याने वेगळे कसे करायचे, हा पेच समितीपुढे होता. म्हणून तिचा रोख मंत्रिपदाच्या आमिषावर होता. पक्ष बदलणाऱ्याला वर्षभर किंवा पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री करू नका आणि मंत्रिमंडळे लहान ठेवा, असे तिने सुचवले.

पुढे सोळा वर्षांनी कायदा झाला तेव्हा रोख बदलला होता. १९८५ च्या ३० आणि ३१ जानेवारीला, अवघ्या दोन दिवसांत, बावन्नावी घटनादुरुस्ती दोन्ही सभागृहांतून पार पडली आणि घटनेला दहावे परिशिष्ट जोडले गेले. पक्ष सोडणाऱ्याची आमदारकी जाणार, हे ठीक होते. त्याच परिशिष्टात दुसरेही एक कलम आले. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिले किंवा मतदानाला गैरहजर राहिले, तरीही आमदारकी जाणार. कुठल्या विषयावरचा आदेश, याला मर्यादा नाही. सरकार पडण्याचा प्रश्न असो किंवा एखाद्या विद्यापीठ कायद्यातली दुरुस्ती असो, शिक्षा एकच. पक्षांतर रोखण्यासाठी आणलेल्या कायद्याने पक्षातल्या मतभेदालाच पक्षांतराच्या रांगेत उभे केले.

आणि खरे पक्षांतर? त्याला त्याच परिशिष्टात दार ठेवलेले होते. सुरुवातीला एकतृतीयांश आमदार फुटले तर ती ‘फूट’ आणि ती चालत असे. २००३ च्या एक्क्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने ती पळवाट बुजवली, तेव्हा दोनतृतीयांशांचे ‘विलीनीकरण’ शिल्लक राहिले. किरकोळीत गुन्हा आणि घाऊकमध्ये मुभा, असा हा कायद्याचा हिशोब आहे. गोव्यात तो अगदी उघड्या डोळ्यांनी पाहायला मिळाला. २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार एकगठ्ठा भाजपमध्ये गेले. आमदार गेले म्हणजे पक्षाचेच विलीनीकरण झाले, हा अर्थ पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेही उचलून धरला. २०२२ च्या निवडणुकीआधी धडा घेतलेल्या काँग्रेसने आपल्या उमेदवारांना देवळात, क्रुसासमोर आणि दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याच्या शपथा दिल्या. निवडून आलेल्या ११ पैकी ८ जण त्याच वर्षी सप्टेंबरात भाजपमध्ये गेले. देवाचीही परवानगी घेतल्याचा खुलासा त्यांच्यापैकी दिगंबर कामत यांनी केला. तीन धर्मांच्या साक्षीपेक्षा दोनतृतीयांश हा अपूर्णांक बलवान ठरला.

आता आपल्या घरी येऊ. ३ आणि ४ जुलै २०२२ या दोन दिवसांत विधानसभेत जे घडले ते तुमच्या पदाच्या इतिहासात कायम राहील. एकाच शिवसेनेच्या आमदारांना अध्यक्षांच्या निवडणुकीसाठी आणि विश्वासदर्शक ठरावासाठी दोन प्रतोदांकडून दोन उलट आदेश मिळाले. पक्ष एक, आमदार तेच, आदेश दोन. जो पाळावा तो दुसऱ्याच्या लेखी गुन्हा. ठराव १६४ विरुद्ध ९९ मतांनी जिंकला गेला. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की, प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ गटाचा नाही, तो राजकीय पक्षाचा आहे, आणि म्हणून गोगावले यांच्या नेमणुकीला अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा होती. १० जानेवारी २०२४ ला अध्यक्षांनी गोगावले ज्यात होते तो शिंदे गट हाच खरा पक्ष असा निकाल दिला आणि दोन्ही बाजूंच्या अपात्रतेच्या याचिका फेटाळल्या. फेब्रुवारीत राष्ट्रवादीच्या बाबतीतही तेच झाले. दोन पक्ष उभे चिरले गेले आणि एकाही आमदाराची आमदारकी गेली नाही. म्हणजे परस्परविरोधी आदेश पाळणारे सगळेच निष्ठावान ठरले.

या दोन फुटींत कोणाची बाजू बरोबर होती, हे मी इथे ठरवू पाहत नाही. दोन्ही बाजूंनी तत्त्वाचा उच्चार केला. कोणी हिंदुत्वाचा, कोणी विकासाचा, कोणी गद्दारीविरुद्धच्या लढ्याचा. १९७८ मध्ये वसंतदादांचे सरकार पाडून पुरोगामी लोकशाही दलाचे (पुलोद) सरकार आले तेव्हाही तत्त्वाची भाषा होतीच. १९६९ मध्ये इंदिरा गांधींनी राष्ट्रपतिपदासाठी सदसद्विवेकाने मत देण्याची हाक दिली आणि स्वतःच्याच पक्षाचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी पडले, तेव्हाही होती. सदसद्विवेक हा आपल्या राजकारणात बहुधा सत्तेच्या दिशेनेच जागा होतो. म्हणून मी कोणाच्या भाषणावर विसंबत नाही. भाषणानंतरच्या शपथविधीला व्यासपीठावर कोण बसले होते ते पाहतो.

पण प्रतोद महोदय, फुटीच्या या नाट्यमय दिवसांपेक्षा मला अधिवेशनाच्या साध्या दिवसांची जास्त काळजी आहे. पक्षनिष्ठेने तत्त्वाला खाऊन टाकण्याचे खरे काम त्या दिवशी होते आणि त्याची बातमी होत नाही.

जादूटोणाविरोधी कायद्याचे उदाहरण घ्या. त्याचा मसुदा वर्षानुवर्षे या दोन सभागृहांच्या दारात अडकून होता. २००५ मध्ये विधानसभेने त्याला मंजुरी दिली, पण परिषदेत तो अडला. सरकारे एकाच आघाडीची, बहुमत तिचेच, तरी कायदा होईना. कारण कोणता समाजघटक दुखावेल याची गणिते पक्षाच्या पातळीवर मांडली जात होती. २० ऑगस्ट २०१३ ला या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला आणि आठवड्याच्या आत वटहुकूम निघाला. जे विधेयक इतकी वर्षे ‘अभ्यासाखाली’ होते, त्याचा अभ्यास चार दिवसांत पुरा झाला. नरबळी आणि अघोरी प्रथा गुन्हा ठराव्यात की नाही, हा पक्षाच्या धोरणाचा प्रश्न नव्हताच. आमदारांना मोकळे सोडून, नावानिशी मतदान घेऊन, हा प्रश्न कितीतरी आधी निकाली काढता आला असता. तसा प्रयत्न कोणाला सुचलाच नाही, कारण मोकळे मत हा प्रकारच आपल्या विधिमंडळाच्या सवयीत नाही.

याची दुसरी बाजू म्हणजे सगळ्यांचे एकमत. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डान्सबारबंदीचा कायदा घटनाबाह्य ठरवला. २०१४ च्या जूनमध्ये विधानसभेने चर्चेविना, एकमताने नवी बंदी आणली. बंदी योग्य की अयोग्य यावर दोन मते असू शकतात. पण न्यायालयाने नुकताच फेटाळलेला कायदा थोडा बदलून पुन्हा आणताना २८८ जणांच्या सभागृहात एकालाही शंका बोलून दाखवावीशी वाटू नये? शंका असतील, आणि असल्याच पाहिजेत. त्या बोलून दाखवण्याची गरज मात्र उरलेली नाही, कारण मत आधीच ठरलेले असते आणि ते आमदाराने ठरवलेले नसते. ज्याला मत द्यायचेच नाही त्याने विधेयक वाचावे तरी कशाला?

विरोधी बाकांवरचे प्रतोदही यातून सुटत नाहीत. १० जुलै २०२५ ला जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झाले, तेव्हा सभागृहात उभे राहून ठाम विरोध केला तो मार्क्सवादी पक्षाचे एकमेव आमदार विनोद निकोले यांनी. मोठ्या विरोधी पक्षांचा आवेश दुसऱ्या दिवशी परिषदेत आणि त्यानंतर रस्त्यावर दिसला. विरोध करायचा की नाही याचा निरोप वरून वेळेत आला नाही तर विरोधकांचाही कंठ फुटत नाही, असाच त्याचा अर्थ होतो. आज्ञा पाळण्याची सवय लागली की आज्ञा नसताना काय करावे, हे सुचेनासे होते.

आवाजी मतदानाचा उल्लेख आलाच आहे तर १२ नोव्हेंबर २०१४ चीही आठवण करून देतो. अल्पमतातल्या फडणवीस सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव त्या दिवशी आवाजी मतदानाने मंजूर झाला. काँग्रेस आणि शिवसेनेने मतविभागणी मागितली, ती झाली नाही. महिन्यापूर्वी ज्यांच्याविरुद्ध प्रचार केला त्यांनाच राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा देऊ केला होता. तो प्रत्यक्षात कोणी दिला आणि कोणी नाही, याची नावानिशी नोंद राहिली नाही. सरकार तरले, आणि कोणत्याही आमदाराला आपल्या मतदारसंघात जाऊन त्याचे उत्तर द्यावे लागले नाही. पक्षादेश आमदाराचे मत काढून घेतो. आवाजी मतदान त्या मताची नोंदही काढून घेते. दोन्ही मिळून जबाबदारी अशी पुसली जाते की मतदाराला विचारायला जागाच उरत नाही.

यावर तुमचे ठरलेले उत्तर मला ठाऊक आहे : आम्ही काय करणार, कायदाच तसा आहे. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्ये सुचवले होते की, आदेशभंगासाठी अपात्रता विश्वासदर्शक ठराव, वित्तविधेयक आणि राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरचा आभारप्रस्ताव एवढ्यापुरतीच ठेवावी. विधी आयोगाने १९९९ मध्ये सांगितले की सरकारच धोक्यात असेल तेव्हाच व्हिप काढावा. लोकसभेत मनीष तिवारी यांनी याच अर्थाची खासगी विधेयके मांडली. काहीही बदलले नाही, आणि जे पक्ष या आदेशाचे लाभार्थी आहेत ते तो बदलतील असे मलाही वाटत नाही.

पण कायदा नीट वाचला तर तुमचे उत्तर टिकत नाही. दहावे परिशिष्ट व्हिप मोडल्याबद्दल शिक्षा सांगते. व्हिप काढलाच पाहिजे असे ते कुठेही म्हणत नाही. आदेश नसेल तर आदेशभंग नाही आणि अपात्रताही नाही. एवढ्यावर ते थांबत नाही. पक्षाने आधी परवानगी दिली तर आमदार आदेशाविरुद्ध मत देऊ शकतो. आणि न विचारता दिले, तरी पंधरा दिवसांत पक्षाने ते माफ केले तर विषय संपतो. म्हणजे आदेश न काढण्याची, आधी मुभा देण्याची आणि नंतर क्षमा करण्याची अशी तीन दारे कायद्यानेच उघडी ठेवली आहेत. १९९२ च्या किहोटो होलोहान निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने हा कायदा वैध ठरवताना हेही म्हटले की, आमदारकी घालवणारा आदेश सरकारवरच्या विश्वासाच्या मतदानापुरता, किंवा पक्षाने ज्या धोरणावर लोकांची मते मागितली त्यापुरता मर्यादित असावा. तीस वर्षांहून अधिक काळ हा विचार तुमच्या फायलीत पडून आहे. त्यावर अंमल करायला घटनादुरुस्ती नको, राज्यपालांची सही नको, दिल्लीची परवानगी नको. तुम्ही एका विशिष्ट दिवशी एक विशिष्ट कागद न लिहिणे पुरेसे आहे.

‘मग घोडेबाजार मोकाट सुटेल,’ असे तुम्ही म्हणाल. ही भीती खोटी नाही. प्रत्येक विधेयकाला आमदारांची बोली लागली तर त्याहून वाईट काय? पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक तर सरकार पाडण्या-वाचवण्याच्या मतदानाला आणि अर्थसंकल्पाला आदेश राहावा, असेच मी म्हणतो आहे. खरा बाजार तिथेच भरतो. दुसरे म्हणजे, कडक व्हिपने बाजार थांबला असता तर सुरत, गुवाहाटी आणि गोव्यातल्या हॉटेलांची नावे महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना पाठ झाली नसती. पन्नास खोक्यांची घोषणा विधान भवनाच्या पायऱ्यांवर तुमच्याच सहकाऱ्यांनी दिली होती. तो आरोप खरा की खोटा, हे कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेले नाही. पण असा आरोप करावासा वाटतो आणि ऐकणाऱ्याला धक्काही बसत नाही, इतकी या कायद्याची जरब उरली आहे.

‘मतदार माणसाला मत देत नाही, चिन्हाला देतो. म्हणून चिन्हाचे ऐकलेच पाहिजे,’ हे तुमचे दुसरे म्हणणे असेल. मान्य. म्हणूनच जाहीरनाम्यातल्या वचनांवर पक्षाने आदेश काढावा, याला माझी हरकत नाही. उलट तिथे तो काढायलाच हवा. पण हा न्याय दोन्ही बाजूंनी लावा. चिन्हाला मत मिळाले म्हणून एकट्या आमदाराला एका कलमावर वेगळे मत देता येत नसेल, तर तेच चिन्ह घेऊन, ज्यांच्याविरुद्ध मते मागितली त्यांच्याच शेजारी जाऊन बसण्याचा अधिकार अख्ख्या पक्षाला तरी कुठून येतो? २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटेचा शपथविधी घ्या किंवा त्यानंतर चार-पाच दिवसांत जमलेली तीन पक्षांची मोट घ्या, मतदाराला कोणीच विचारले नव्हते. निष्ठा फक्त खालून वर वाहत असेल, तर तिला आज्ञाधारकपणा म्हणावे.

हा आजार काही एका विचारसरणीचा नाही. सोमनाथ चटर्जी मार्क्सवादी पक्षात चाळीस वर्षे होते. २००८ मध्ये अणुकरारावरून पक्षाने सरकारचा पाठिंबा काढला आणि त्यांनी लोकसभेचे अध्यक्षपद सोडावे अशी अपेक्षा धरली. अध्यक्ष कोणत्याही पक्षाचा नसतो, असे सांगून त्यांनी नकार दिला. २२ जुलैला विश्वासदर्शक ठरावाचे मतदान त्यांनी अध्यक्षांच्या आसनावरून पार पाडले आणि दुसऱ्या दिवशी पक्षाने त्यांना काढून टाकले. शिस्तीबद्दल ज्याचा दाखला दिला जातो, त्या पक्षालाही घटनात्मक पदाची नि:पक्षता आणि पक्षाचा आदेश यांत आदेशच मोठा वाटला. सत्तेचा मोह नसलेली निष्ठाही आंधळी होऊ शकते, ती अशी.

ज्या ब्रिटनकडून आपण ही पद्धत उचलली तिथे काय होते तेही पाहा. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रेक्झिटवर सरकारविरुद्ध मत दिल्याबद्दल हुजूर पक्षाने आपल्या २१ खासदारांना संसदीय गटातून काढले. त्यांत दोन माजी अर्थमंत्री होते, चर्चिल यांचे नातू होते. पक्षाने त्यांना शिक्षा केली, पण खासदारकी एकाचीही गेली नाही. ती द्यायची की नाही हे मतदारांवर राहिले. फाशीची शिक्षा आणि गर्भपात यांसारख्या प्रश्नांवर तिथे पक्ष बाजूला होतात आणि प्रत्येकजण आपल्या नावाने मत देतो. पक्षशिस्त तिथेही आहे आणि ती कडक आहे. फक्त पक्षाची शिस्त आणि लोकांनी दिलेली जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथे मानले जाते.

तर माझे मागणे असे. येत्या अधिवेशनापासून प्रत्येक पक्षाच्या मुख्य प्रतोदाने प्रत्येक विधेयकाआधी जाहीर करावे की, यावर आदेश आहे की नाही, आणि असल्यास तो तीनपैकी कोणत्या कारणाने : सरकारवरचा विश्वास, अर्थसंकल्प की जाहीरनाम्यातले वचन. यांपैकी काहीच नसेल तर ‘आदेश नाही’ असे लेखी कळवावे. कळवणे गरजेचे आहे, कारण सवयीने वाकलेल्या माणसाला नुसती मोकळीक दिसत नाही. आणि अशा प्रत्येक विधेयकावर तुम्हीच मतविभागणी मागावी, म्हणजे कोण कुठे उभा होता हे कामकाजात नावानिशी राहील.

पहिले पाऊल टाकणारा पक्ष अडचणीत येईल, हे मला कळते. त्याचे आमदार दोन बाजूंना दिसतील, वाहिन्या ‘पक्षात फूट’ अशा पट्ट्या चालवतील, शेजारचा पक्ष हसेल. पण जो पक्ष हे सहन करील त्याला पुढच्या निवडणुकीत एक गोष्ट सांगता येईल, जी आज कोणालाच सांगता येत नाही : आमचे आमदार आम्ही धाकाने धरून ठेवलेले नाहीत. आणि ज्या पक्षाला साध्या विधेयकावरही आपल्या आमदारांना मोकळे सोडण्याची भीती वाटते, त्याने निष्ठावंतांचे मेळावे भरवण्याआधी त्या भीतीचे कारण शोधावे.

शेवटी मतदार म्हणून आमच्याही पदरात काही पडते. आमदार कोणत्या पक्षात आहे हे विचारण्यात आमची निम्मी बुद्धी खर्च होते आणि त्याने कोणत्या विधेयकावर काय मत दिले हे आम्ही विचारतच नाही. तुम्ही नोंद ठेवलीत तर आम्ही विचारू. गावच्या पारावर, सोसायटीच्या सभेत, प्रचाराच्या फेरीत हाच प्रश्न विचारू. आज आमदार त्यावर ‘वरून आदेश होता’ एवढे म्हणून सुटतो. तुम्ही आदेश काढला नाहीत, तर त्याला स्वतःचे उत्तर द्यावे लागेल.

आपला नम्र,
आपल्या २८८ मतदारसंघांपैकी एकातला मतदार